पुण्यानुमोदनाची पंगत कोणाच्या कर्जावर?

आपल्या वस्तीत माणूस गेला की पहिले तीन दिवस ते घर एकटे पडत नाही. हे मी आधीच मान्य करते. नाहीतर पुढचे वाचून कोणीतरी म्हणेलच, की शिकलेल्या पोरींना आपल्या माणसांची रीत कळत नाही. रीत चांगली कळते. शेजारीण चहाची किटली घेऊन येते, समोरची पोरांना जेवू घालते, बौद्धाचार्यांना परस्पर फोन जातो, तिरडीचे सामान कोणी आणले हे घरच्यांना आठवतही नाही. शहरातल्या कितीतरी सोसायट्यांत शेजारी वारल्याचे लिफ्टजवळच्या फळ्यावरून कळते. आपल्याकडे तसे नाही, आणि तसे होऊही नये.

माझा सवाल चौथ्या दिवसापासून सुरू होतो.

चौथ्या दिवशी पुण्यानुमोदनाची तारीख ठरते. कुठे पाचवा दिवस, कुठे सातवा, आणि बऱ्याच ठिकाणी नेमका दहावा किंवा तेरावा. मंडप, खुर्च्या, स्पीकर, चौकात ‘दुःखद निधन’चा फ्लेक्स, दोन-अडीचशे माणसांचे जेवण. 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात बाबासाहेबांनी ज्या 22 प्रतिज्ञा दिल्या, त्यांत श्राद्धपक्ष आणि पिंडदान न करण्याची प्रतिज्ञा आहे. ती आपल्या पोरांनाही पाठ आहे. पण तेराव्याचा खर्च तसाच ठेवून भटजीच्या जागी भन्तेजी बसवले, तर काय बदलले? एम.ए.ला एम. एन. श्रीनिवास यांचे संस्कृतीकरण आम्ही परीक्षेपुरते शिकलो. ते डोळ्यांनी पाहायचे असेल तर आपल्याच एखाद्या मंडपात जाऊन बसावे.

एका घराचा हिशेब सांगते. नवरा गवंडी, वय चाळिशीच्या आत, बायको चार घरची धुणीभांडी करते, दोन मुले शाळेत. दवाखान्यात होते नव्हते ते गेलेलेच होते. वर मंडप, जेवण, गावाकडची गाडी मिळून 46 हजार रुपये लागले. त्यातले 20 हजार भिशीतून उचलले, बाकीचे दिराने व्याजाने आणले आणि दोन महिन्यांनी वहिनीकडे मागायला सुरुवात केली. दुखवटा म्हणून पाहुण्यांनी काय आणले? टॉवेल, टोप्या, साड्या. लोखंडी पेटीत चाळीसच्या वर टॉवेल निघाले. प्रत्येकाने शंभर-दीडशे रुपये खर्च केलेलेच होते, पण त्यातून ना शाळेची फी भरता आली, ना बचत गटाचा हप्ता. तेच पैसे पाकिटात घालून त्या बाईच्या हातात दिले असते तर? तिच्याच हातात, दिराच्या किंवा मंडळाच्या अध्यक्षाच्या नाही.

इथे एक गोष्ट सवर्ण सुधारकांना सांगायची आहे, म्हणजे ते या लेखाचा आधार घेणार नाहीत. गरीब उधळे असतात म्हणून पंगत बसते, असे नाही. ज्यांच्या आजोबांना गावच्या पंगतीत बसू दिले नाही, उष्टे झोळीत घेऊन परतावे लागले, त्यांना आपल्या दारात अडीचशे माणसे मानाने जेवताना पाहून काय वाटते, हे आकडेमोडीत सापडणार नाही. पंगतीत इज्जत आहे. म्हणूनच ‘जेवण बंद करा’ असा ठराव विहारात तीनदा झाला तरी बंद होत नाही, कारण पहिल्यांदा बंद करणारे घर कंजूष ठरते. आणि ते पहिले घर नेमके सर्वात गरीब असते. ज्याच्याकडे पक्की नोकरी आहे, पेन्शन आहे, त्याने आपल्या वडिलांच्या पुण्यानुमोदनाला फक्त चहा ठेवून दाखवावा. सुरुवात वरून झाली तरच खालच्याला लाज वाटणार नाही.

आता आधार देणाऱ्यांकडेही बघू. शोकाकुल घरी कोण जाऊन बसते? बाया. पुरुष मंडपात खुर्चीवर बसून राजकारण बोलतात, बाया आत भांडी घासतात. धुणीभांडी करणाऱ्या बाईचे चार खाडे म्हणजे चार दिवसांचा पगार कापला जातो, कधीकधी कामच जाते. घरी तिची पोरे, म्हातारी सासू, पाण्याची वेळ हे तसेच असते. ती कुरकुरत नाही, पण ‘मयतीला जाणे’ हा तिच्या महिन्याच्या खर्चातला सर्वात अनिश्चित आकडा आहे. म्हणून पाळी लावावी. आज दोघी, उद्या दोघी, आणि दहा दिवसांऐवजी सहा महिने. नवरा गेलेल्या बाईला बाराव्या दिवशी रडायला माणूस लागतो, आणि साठाव्या दिवशीही लागतो. त्या वेळी मात्र कोणी नसते.

साठाव्या दिवशी तिला तहसीलला सोबत चालणारा माणूसही लागतो. मृत्यूची नोंद 21 दिवसांच्या आत करायची असते. उशीर झाला की विलंब शुल्क आणि वरच्या अधिकाऱ्याची परवानगी, असे फेरे सुरू होतात. दारिद्र्यरेषेखालील घरातला 18 ते 59 वयाचा कमावता माणूस गेला तर राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेतून एकरकमी 20 हजार मिळतात. नवऱ्याच्या पासबुकात मे महिन्याच्या शेवटी 436 रुपये कापल्याची नोंद आहे का, हे बघा. असेल तर तो जीवन ज्योती विम्याचा हप्ता असतो, विमा दोन लाखांचा, आणि घरच्यांना त्याचा पत्ताही नसतो. वर सांगितलेल्या घरी ती नोंद होती. ती सापडली आठ महिन्यांनी, पोराच्या शाळेसाठी कागद शोधताना. खात्याला वारस लावलेला नव्हता. हिंदू वारसा कायदा बौद्धांनाही लागू आहे आणि त्यात बायको-मुलांबरोबर मृताची आईही पहिल्या वर्गाची वारस असते. बँकेने सगळ्यांच्या सह्या मागितल्या आणि सासू-सुनेत बोलणे बंद झाले. जिवंतपणी एक अर्ज भरून वारसाचे नाव लावले असते तर एवढे झाले नसते.

बुद्धांनी सिगालोवाद सुत्तात गृहस्थाला मिळकतीचे चार भाग करायला सांगितले आहेत: एक उपभोगाला, दोन कामधंद्यात, आणि चौथा आपत्तीसाठी राखून. रोजंदारीवरच्या घराला चौथा भाग कुठून परवडणार, हे मलाही कळते. माझ्याच घरी महिनाअखेरीला तो भाग गॅस सिलिंडरमध्ये जातो. पण दहा घरांचा मिळून परवडतो. विहारात घरटी महिना 50 रुपये जमवले, तर 100 घरांचे वर्षाला 60 हजार होतात. एखाद्या घरात मयत झाली की त्याच संध्याकाळी ठरलेली रक्कम बाईच्या खात्यात टाकायची, परत मागायची नाही. सासरचे आणि माहेरचे दोन्हीकडून दबाव येण्याआधी ती तिच्या नावावर जमा व्हायला हवी.

लगेच प्रश्न येतो: फंड खाणार कोण? प्रश्न बरोबर आहे, जयंतीच्या वर्गणीचे अनुभव सगळ्यांना आहेत. म्हणून खाते पोस्टात किंवा बँकेत तीन जणांच्या सहीचे असावे, त्यात दोघी बाया. दर पौर्णिमेला वंदनेनंतर जमाखर्च मोठ्याने वाचावा, आणि ज्याने तीन महिने भरले नाही त्याच्या घरालाही मदत द्यावी, कारण भरू न शकणाऱ्यालाच ती सर्वात आधी लागणार आहे. या शेवटच्या कलमावर आमच्या वस्तीत भांडण चालू आहे. पुढच्या पौर्णिमेला पुन्हा बसणार आहोत.