'रणांगण': बंदर असलेला आणि बंदर नसलेली

विश्राम बेडेकरांची 'रणांगण' ही कादंबरी १९३९ मध्ये, म्हणजे दुसरे महायुद्ध पेटले त्याच वर्षी प्रसिद्ध झाली. वर्गात ती शिकवली जाते तेव्हा एक असफल प्रेमकथा किंवा युद्धविरोधी कादंबरी म्हणून तिची ओळख करून दिली जाते. दोन्ही वर्णने खरी आहेत. परंतु माझ्या मनावर तिचा जो ठसा उमटला त्याचा उलगडा त्यांतून होत नाही.

युरोपातून मायदेशी परतणारा चक्रधर आणि नाझी जर्मनीतून परागंदा झालेली ज्यू तरुणी हॅर्टा यांची बोटीवर गाठ पडते. प्रेमभंगाने चक्रधर आधीच कडवट झालेला आहे. काही दिवसांच्या त्या प्रवासात दोघे जवळ येतात. मुंबईला तो उतरतो. तिला पुढे जावे लागते. मागाहून तिची पत्रे येतात आणि तिने समुद्रात जीव दिल्याचे कळते.

मला या कादंबरीचे मर्म त्या उतरण्यात दिसते. चक्रधर पारतंत्र्यातला माणूस, पण त्याला स्वतःचे बंदर आहे. हॅर्टा एकेकाळी एका बलाढ्य राष्ट्राची नागरिक होती. १९३५ च्या न्यूरेंबर्ग कायद्यांनी ज्यूंचे नागरिकत्वाचे हक्कच हिरावून घेतले. जात, धर्म वा संपत्ती यांच्या भिंती प्रेमाच्या आड येतात, हे मराठी वाचकाला परिचित होते. येथे मात्र एकाला उतरायला जागा आहे आणि दुसरीला नाही, एवढाच भेद आहे, आणि तो जीवघेणा ठरतो.

चक्रधर तरी काय करू शकला असता, असा आक्षेप कोणी घेईल. कायदे त्याच्या हाती नव्हते, हे मान्यच आहे. परंतु बेडेकर त्याला ही सबब पुरी पडू देत नाहीत. निवेदन प्रथमपुरुषी असूनही ते आत्मसमर्थन होत नाही. परिस्थिती कुठे संपते आणि आपला भित्रेपणा कुठे सुरू होतो, ही रेषा निवेदकाला सापडत नाही, आणि वाचकालाही नाही. शीर्षकातले रणांगण मला तेथे दिसते.

निर्वासितांच्या बोटी आजही समुद्रात अडवल्या जातात. म्हणून ही कादंबरी शिकवताना 'दोष कोणाचा?' याआधी 'उतरण्याची मुभा कोणाला?' हा प्रश्न विद्यार्थ्यांपुढे ठेवावा, असे मला वाटते.