नाव नवे, मेगापिक्सेल तेवढेच

एप्सनने २००४ मध्ये जगातील पहिला डिजिटल रेंजफाइंडर कॅमेरा ‘आर-डी१’ आणला, तेव्हा त्याचे मोठे अप्रूप होते. २००९ मध्ये जपानच्या बाजारपेठेपुरता ‘आर-डी१एक्स’ अवतरला आणि त्याच चाहत्यांचा हिरमोड झाला. पडदा अडीच इंचांचा झाला, ३२ गिगाबाइटपर्यंतची कार्डे चालू लागली. सेन्सर मात्र ६.१ मेगापिक्सेलचाच. लायकाचा ‘एम८’ २००६ मध्येच दहा मेगापिक्सेलपुढे गेला होता. तेव्हा नाराजी रास्तच म्हणावी लागेल.

बचाव करणाऱ्यांचे म्हणणेही पोकळ नव्हते. शटर ताणण्यासाठी दरवेळी अंगठ्याने ओढायची तरफ आणि उरलेली छायाचित्रे दाखवणारा घड्याळासारखा काटा दुसऱ्या कोणत्याही डिजिटल कॅमेऱ्यात नव्हता. हे वेगळेपण जपले, हे बरेच झाले. पण मूळ कॅमेऱ्याचा पडदा उलटा मिटता येई आणि हातात जणू फिल्मचाच कॅमेरा राही. नव्या आवृत्तीत तोच जखडला गेला. बदल मोजकेच, त्यातला एक नेमका मुळावर घाव घालणारा!

जुनी भिंगे सांभाळणाऱ्यांची मूळ तक्रार तर तशीच राहिली. लहान सेन्सरमुळे २८ मिलिमीटरचे भिंग सुमारे ४३ मिलिमीटरसारखे वागे. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये लायकाने पूर्ण चौकटीचा ‘एम९’ आणला.