भूसंपादनाचे पाप एकट्या इंग्रजांचे नव्हे

मुळशी सत्याग्रहाचा (१९२१) विषय निघाला की सारे खापर इंग्रजांच्या १८९४ च्या भूसंपादन कायद्यावर फुटते. टाटांच्या धरणासाठी मावळातल्या शेतकऱ्यांच्या जमिनी त्याच कायद्याने गेल्या, हे खरेच. पण म्हणून स्वतंत्र भारताच्या संसदेला निर्दोष ठरवायचे?

कंपनीसाठी सक्तीने जमीन घ्यायची, तर ती कामगारांच्या घरांसाठी किंवा लोकोपयोगी बांधकामासाठीच, अशी अट त्या कायद्याच्या कलम ४० मध्ये होती. इंग्रजांनीच घातलेली! कानपूरचे जमीनमालक आर. एल. अरोरा यांनी नेमके तिच्यावर बोट ठेवले. त्यांची जमीन कापडगिरण्यांच्या यंत्रांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यासाठी घेतली गेली होती. सर्वोच्च न्यायालयाने ते संपादन रद्द केले. माल लोकांच्या उपयोगी पडतो एवढे पुरेसे नाही, ते बांधकामच लोकांना थेट उपयोगी पडले पाहिजे, असा त्या निकालाचा आशय.

संसदेने १९६२ मध्येच कायदा बदलला. सार्वजनिक हेतूच्या उद्योगातील कंपनीचे कोणतेही बांधकाम आता चालणार होते. शिवाय २० जुलै १९६२ पूर्वीची असली संपादनेही मागाहून वैध ठरवण्यात आली. अरोरा पुन्हा न्यायालयात गेले. १९६४ मध्ये त्याच न्यायालयाने दुरुस्ती उचलून धरली आणि जिंकलेला माणूस हरला.

खासगी कंपनीसाठी ८० टक्के बाधित कुटुंबांची संमती कायद्यात यायला २०१३ साल उजाडले.