निळ्या गोळीचा हिशेब

'शाळकरी पोरांना आत्ताच व्हिटॅमिनच्या गोळ्या द्या, पन्नाशीतले हार्ट अटॅक टळतील. गोळी स्वस्त, बायपास महाग!' हा युक्तिवाद ऐकायला झकास आहे. पण माझं मत असं, की गोळी जरूर द्यावी, फक्त हार्ट अटॅकच्या नावाने देऊ नये.

मुळात हा विचार आला कुठून? १९६९ साली किल्मर मॅककली या अमेरिकन डॉक्टरने रक्तात होमोसिस्टीन फार वाढलेल्या मुलांच्या खराब झालेल्या रक्तवाहिन्या पाहिल्या आणि दोष त्या द्रव्यावर ठेवला. बी-१२ किंवा फॉलिक ॲसिड कमी पडलं की होमोसिस्टीन वाढतं. मग सरळ लॉजिक : व्हिटॅमिन द्या, होमोसिस्टीन उतरवा, हृदय वाचवा.

आपल्याकडे ही कमतरता खरीच आहे. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने २००६ मध्ये ४४१ मध्यमवयीन पुरुषांची पाहणी प्रसिद्ध केली. ६७ टक्क्यांना बी-१२ कमी, ५८ टक्क्यांना होमोसिस्टीन जास्त. आणि शहरी मध्यमवर्गात? बी-१२ कमी असलेले तब्बल ८१ टक्के! म्हणजे मंडळी, हा आपलाही प्रश्न आहे. आमच्या मुक्ताईनगराकडे वारीची परंपरा, त्यामुळे माळकरी घरं पुष्कळ. केळी मुबलक, पण केळ्यात बी-६ मिळतं, बी-१२ नाही. ते फक्त जिवाणू बनवतात, वनस्पती नाहीत. शाकाहारी माणसाचा भरवसा दूध-दह्यावर, आणि ते रोज पुरेसं प्रत्येकाच्या ताटात नसतं.

आता दुसरी बाजू. २००६ मध्येच होप-२ ही मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. साडेपाच हजारांवर रुग्णांपैकी सुमारे निम्म्यांना पाच वर्षं फॉलिक ॲसिड, बी-६, बी-१२ दिलं, बाकीच्यांना प्लासिबो. होमोसिस्टीन उतरलं, पण मृत्यू, हार्ट अटॅक आणि स्ट्रोक यांचं एकूण प्रमाण लक्षणीय कमी झालं नाही. आपल्या भाषेत सांगायचं तर डॅशबोर्डवरचा आकडा हिरवा झाला, सिस्टिम तशीच राहिली. कोणी म्हणेल, ते आधीच आजारी होते, पोरांचं वेगळं. असेलही. पण ते सिद्ध करायला चाळीस वर्षं थांबावं लागेल. शिवाय आरोग्याच्या अर्थशास्त्रात भविष्यातला फायदा साधारण वर्षाला ३ टक्क्यांनी घटवून मोजतात. त्या हिशेबाने चाळीस वर्षांनंतरचे १०० रुपये आज फक्त ३१ भरतात. अनिश्चित फायदा, तोही इतका लांबचा! या पायावर योजना उभी करू नये.

मग गोळी कशासाठी? आजच्यासाठी. बी-१२ अभावी रक्त कमी होतं, नसा बिघडतात. याज्ञिकांच्या गटाने २०१२ च्या सुमारास पुण्याजवळच्या खेड्यांतल्या किशोरवयीन मुलामुलींना रोज अवघं २ मायक्रोग्रॅम बी-१२ देऊन पाहिलं. त्यातल्या मुलींना पुढे झालेल्या बाळांची बौद्धिक वाढ बी-१२ च्या गटात बरी दिसली. संख्या लहान, पण निकाल एका पिढीत हातात आला.

आणि पोचवायची लाइन तर टाकलेलीच आहे. 'ॲनिमिया मुक्त भारत' मध्ये १० ते १९ वयाच्या मुलांसाठी आठवड्याला एक निळी गोळी आहे : ६० मिलिग्रॅम लोह, ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड. बी-१२ नाही! नुसत्या फॉलिक ॲसिडने बी-१२ ची रक्तातली खूण झाकली जाऊ शकते आणि नसांचं नुकसान आत चालू राहतं. त्याच गोळीत ५०० मायक्रोग्रॅम बी-१२ घातलं तर? एवढ्या मोठ्या डोसमधलं एक-दोन टक्केच शोषलं जातं, म्हणजे आठवड्याला ५ ते १० मायक्रोग्रॅम. रोजच्या २ मधलं निम्मं शोषलं गेलं तर आठवड्याला होतात ७. हिशेब जुळतो! शाळा, शिक्षक, आशाताई, वाटपाचा दिवस, सगळं तेच. वाढीव खर्च फक्त त्या घटकाचा. अर्थात आधी नीट चाचणी हवीच.

हृदयासाठी पैसे खर्चायचेत ना? मग शाळेच्या आवाराबाहेर मिळणारा तंबाखू आणि ताटातलं मीठ बघा, घरातल्या मोठ्यांचं बीपी वेळेवर मोजा. हृदयावरचा त्यांचा परिणाम सिद्ध झालेला आहे. गोळीवर नसलेलं काम लादलं, तर ते झालं नाही म्हणून उद्या कोणीतरी गोळीच बंद करेल.