जुन्या फोनातल्या ओव्या

‘मेमरी कार्डमध्ये गाणी भरून मिळतील’ अशी पाटी वसमत, कळमनुरी, सेनगावच्या मोबाईल दुकानांवर एकेकाळी नेहमी दिसायची. “भाऊ, यात गाणेच वाजत नाहीत, काहीतरी टाकून द्या बरं,” म्हणत माणूस फोन पुढे करायचा. दुकानातली पोरं खरंच काहीतरी टाकून द्यायची. त्यांच्या त्या कामाची पुरेशी कदर झाली नाही, असं मला वाटतं.

2003 साली आलेला नोकिया 6600 घ्या. कॅमेरा, ब्लूटूथ, रंगीत पडदा असं सगळं त्यात होतं, एमपीथ्री वाजवायची सोय तेवढी नव्हती. पण फोन सिम्बियनवर चालायचा, त्यामुळे बाहेरचा प्रोग्राम घालता येई. ‘अल्ट्राएमपीथ्री’सारखा प्लेअर ब्लूटूथनं घेऊन इन्स्टॉल केला की फोन गाऊ लागे. प्रोसेसर अवघा 104 मेगाहर्ट्झचा. एमपीथ्री उलगडणं म्हणजे सगळा अपूर्णांकांचा हिशेब, आणि त्या हिशेबासाठी असल्या प्रोसेसरात वेगळी व्यवस्था नसे. म्हणून सारं गणित पूर्णांकांत बसवावं लागे. सोबत मिळणाऱ्या 32 एमबीच्या कार्डात 128 केबीपीएसची जेमतेम अर्ध्या तासाची गाणी मावत. नोकिया 1100 वाल्याला मात्र हात हलवत परत जावं लागे. त्यात ना कार्ड, ना प्रोग्राम घालायची सोय.

काही फोन या दोन्हींच्या मधले होते. एमपीथ्री वाजत नसे, पण एएमआर फाईल वाजे. मग दुकानदार गाणं एएमआर करून द्यायचा. हा प्रकार मुळात फोनवरच्या बोलण्यासाठी बनवलेला. साडेतीन हजार हर्ट्झच्या वरचं त्यात जवळपास काहीच उरत नाही. त्यामुळे पाच मिनिटांचा अभंग अर्ध्या एमबीत बसे, बुवांचा शब्द कळे, पण टाळांचा नुसता खरखराट होई. नामदेवांची नरसी ज्यांच्या शेजारी, त्यांना टाळ कसा वाजतो हे काय सांगावं! तरीही रात्रपाळीची लाईट आली की मोटार चालू करून, फोन खिशात गात ठेवूनच माणसं पिकाला पाणी द्यायची.

मला खरी काळजी आहे ती दुसऱ्याच गोष्टीची. याच फोनांनी रेकॉर्डिंगही केलं. सप्ताहातलं काल्याचं कीर्तन, तांड्यावरची होळीची लेंगी, जयंतीच्या रात्रीची भीमगीतं, घरातल्या म्हातारीनं सहज म्हटलेल्या ओव्या. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी सहकाऱ्यांसह गावोगाव हिंडून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. तेच काम आपल्या घरांतून, कुणीही न सांगता, थोडंथोडं झालेलं आहे. कंपन्यांची गाणी आज कुठंही मिळतील. पण आजीचा आवाज त्या एकाच कार्डात आहे, आणि कार्ड कायमचं नसतं. त्यातली माहिती सूक्ष्म विद्युतभाराच्या रूपात साठवलेली असते. वर्षानुवर्षं कार्ड नुसतं पडून राहिलं तर तो भार हळूहळू गळत जातो.

म्हणून कपाटातले बंद फोन भंगारवाल्याला देण्याआधी बॅटरीखालचं कार्ड काढा. 6600 चं जुनं एमएमसी कार्ड एसडीच्या खाचेत बसतं आणि बरेच रीडर ते वाचतात. एएमआर फाईल व्हीएलसीवर वाजते. रेकॉर्डिंग फोनच्याच मेमरीत असेल तर आधी तो चार्ज करून बघा आणि ब्लूटूथनं काढून घ्या. मूळ फाईलला धक्का न लावता दोन ठिकाणी प्रती ठेवा. आणि गाणाऱ्या बाईचं नाव, गाव, अंदाजे साल फाईलच्या नावातच लिहा. नुसत्या ‘रेकॉर्डिंग 003’ वरून नातवंडांना काय कळणार?