पोरांना त्या निळ्या पडद्यातून बाहेर काढा

जळगाव म्हणजे सोन्याचं गाव. २०२५ मध्ये तोळ्याचा भाव लाखावर गेला. आता हाच १,००,००० चा आकडा टर्बो सीमध्ये साध्या इंटमध्ये ठेवा आणि छापून बघा. उत्तर येतं उणे ३१,०७२! त्या कंपायलरचा इंट १६ बिटचा, ३२,७६७ च्या पुढे त्याची झेपच नाही. आणि डॉसच्या काळातलं हे बोरलँडचं पात्र आपल्याकडच्या कित्येक लॅबमध्ये आजही डॉसबॉक्सच्या कुबड्यांवर चालवतात.

जुनं तर जीसीसीही आहे, १९८७ चं. खरी अडचण वेगळीच. कंट्रोल-एफ नाईन दाबलं की पोराला वाटतं प्रोग्रॅम 'रन' झाला. कंपाइल कधी झालं, लिंक कधी झालं, तयार फाइल कुठे पडली, काही पत्ता नाही. टर्मिनलवर हे हाताने करावं लागतं. जीसीसी, पुढे फाइलचं नाव, मग हायफन ओ आणि तयार फाइलला द्यायचं नाव. एंटर. काहीच बोललं नाही म्हणजे जमलं! मग डॉट-स्लॅश लावून ती फाइल चालवायची. लिनक्सवर आपण टाइप केलेल्या आकड्याचं वर्गमूळ काढायला गेलं की बहुतेकदा 'अनडिफाइन्ड रेफरन्स' म्हणून ओरडतं. शेवटी हायफन एल-एम जोडलं की गप्प. हेडर वेगळं आणि लायब्ररी वेगळी, हे या एका चुकीतून जेवढं डोक्यात बसतं तेवढं जर्नल उतरवून बसत नाही.

"व्हॉइड मेनला मार्क मिळतात ना भो, कशाला बदलायचं?" मिळतात की. पण पुण्यात मुलाखतीला समोर लिनक्सचं मशीन आलं की 'कोनिओ डॉट एच' सापडतच नाही आणि गडी पहिल्याच ओळीला अडकतो. त्यात त्या पोराचा काय दोष?

शिरपूर, साक्री, चोपड्याहून एसटीने येणाऱ्या सगळ्यांकडे लॅपटॉप नसतो, मान्य. अँड्रॉइड फोनवर टर्मक्स फुकट आहे, त्यात क्लँग कंपायलर मिळतो. बोटं दुखतात, पण सराव होतो. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलमध्ये सीचे धडे मराठीतून ऐकायला मिळतात, तेही टर्मिनलवर जीसीसी वापरून. लॅबमध्ये उबंटू टाकायला परवान्याचा एक रुपया लागत नाही.

सरांना, मॅडमना एवढीच विनंती, येत्या सत्रात पहिली दोन प्रॅक्टिकल फक्त टर्मिनलवर घ्या.

तुमच्या लॅबमध्ये काय चालतं ते खाली लिहा. कॉलेजचं नाव नको, कंपायलरचं लिहा.