वाळूवरचा संसार

गॅलरीतल्या तुळशीसाठीसुद्धा आपण कुठून कुठून चांगली माती मिळवून आणतो. नुसत्या वाळूत रोप लावावे, असे कुणाच्या मनातही येत नाही. म्हणूनच वाचकहो, यंदा फराळाबरोबर मी तुम्हांला एका वाळूच्या बेटाची हकिगत सांगणार आहे.

हे बेट ऑस्ट्रेलियात, क्वीन्सलँडच्या किनाऱ्याजवळ आहे. लांबी सुमारे १२० किलोमीटर. जगातले हे सर्वांत मोठे वाळूचे बेट. तिथल्या बुचुला लोकांनी त्याला ‘गरी’ म्हटले. पुढे गोऱ्यांनी नकाशावर ‘फ्रेझर बेट’ असे छापले. २०२३ साली मूळ नाव अधिकृतपणे परत आले.

ही वाळू दक्षिणेकडून आली. नद्यांनी ती समुद्रात लोटली, लाटांनी किनाऱ्याकिनाऱ्याने उत्तरेला नेली आणि वाऱ्याने तिचे ढीग रचले. हे काम लाखो वर्षे चालले होते. काही टेकड्या २०० मीटरांहून उंच झाल्या, आणि नवल असे, की त्यांवर घनदाट अरण्य उभे राहिले!

बरे, वाळूत पाणी ठरते कसे? खोलगट जागी पालापाचोळा साचतो, कुजतो, त्याने वाळूचे कण एकमेकांना चिकटतात आणि तळाशी घट्ट थर बसतो. त्यावर पावसाचे पाणी तुंबते. अशी गोड्या पाण्याची तळी तिथे बरीच आहेत. कुठे पाणी काचेसारखे, तर कुठे बिनदुधाच्या चहासारखे तांबूस.

झाडांचे पोट कसे भरते, ते मात्र मला फार ओळखीचे वाटले. मुळांशी राहणारी बुरशी वाळूतली चिमूटभर खनिजे गोळा करून झाडाला देते. झाड तिला साखर देते. पान गळले की कुजून पुन्हा मुळांकडे जाते. म्हणजे तुमच्याआमच्यासारखाच संसार! शिल्लक जवळजवळ नाही. आहे तेच घरात फिरवायचे आणि महिना रेटायचा.

अशा घरातून कुणी काही उचलून नेले, तर भांडवलालाच हात लागतो. तिथले लाकूड शंभराहून अधिक वर्षे तोडले गेले. सुएझ कालव्याच्या कामालाही ते गेले. वाळूतल्या खनिजांसाठी खाणकामही झाले. ते १९७६ साली थांबले, तोड १९९१ साली थांबली आणि १९९२ साली बेट जागतिक वारशात गेले.

आता सारे सुरक्षित झाले म्हणावे, तर २०२० साली कुणीतरी नियम मोडून शेकोटी पेटवली आणि ती नीट विझवली नाही. आग सुमारे दोन महिने धुमसत राहिली. जवळजवळ निम्मे बेट तिच्या तडाख्यात सापडले.

सहलीला गेलेल्यांची ती एक संध्याकाळ होती. अरण्याने मात्र आपला संसार पानापानाने जमवला होता.